विमानानंतरचा आवाज

‘बाष्पीभवन’ हा शब्द मी चौथ्यांदा म्हणत होते.

पहिल्यांदा ‘बाष्पी’पाशी विमान आलं. दुसऱ्यांदा शब्द पार पडला, तर पुढच्याच वाक्यावर खालच्या घरातल्या कुकरने शिट्टी दिली. तिसऱ्यांदा पुन्हा विमान. मे महिन्यातली दुपार, आतली खोली, पंखा बंद (त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते), कपाटाचं दार सताड उघडं आणि त्यात तोंड घालून, डोक्यावरून गोधडी घेऊन मी बसलेली. लटकवलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, असं मुलाने मोबाइलवर कुठेतरी बघून सांगितलं होतं. घामाने चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. बाष्पीभवन म्हणजे काय हे त्या घटकेला घाटकोपरात माझ्याइतकं कोणाला कळत नसेल.

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एका ओळखीच्या शिक्षिकेने विचारलं, एक अंध मुलगा आहे, अकरावीत गेलाय, त्याला पुस्तकं वाचून पाठवाल का? मोबाइल हल्ली मराठी वाचून दाखवतो, पण त्या मुलाच्या मते तो ‘पोलीस चौकीत जबाब लिहून घेतल्यासारखा’ वाचतो. मी हो म्हटलं. वाचणं हा तर माझा आयुष्यभराचा धंदा. मी राहते कुठे, याचा विचार हो म्हणताना डोक्यात आला नाही.

आम्ही पंतनगरला राहतो, घाटकोपर पूर्वेला. नकाशा उघडून मुंबई विमानतळाच्या मुख्य रनवेवर पट्टी ठेवा आणि रेघ पूर्वेला ओढत न्या. ती कुर्ल्याच्या डोक्यावरून, रेल्वेचे रूळ ओलांडून आमच्या वसाहतीपाशी येते. होकायंत्रावर हा रनवे जवळपास २७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून त्या दिशेने त्याचं नाव २७. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उडतं. मुंबईचा वारा बहुतेक वेळ समुद्रावरून येतो. त्यामुळे वर्षातले बहुतेक दिवस विमानं आमच्यावरून उतरतात आणि पार्ले-जुहूच्या बाजूने समुद्राकडे निघून जातात. थंडीत कधी पहाटे वारा फिरला तर उलटं होतं. तेव्हा ती आमच्यावरून उठतात. असतात बरीच उंच, पण इंजिनं पूर्ण जोरात, आणि अंथरुणात पडल्या पडल्या कळतं की आज वारा मुलुंडकडून आहे.

उतरताना विमान तीन अंशांच्या उतारावर येतं. म्हणजे रनवेपासून दर किलोमीटरला उंची साधारण ५२ मीटर. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी एकदा स्टाफरूममध्ये खडूने हिशेब करून दाखवला होता. आमच्या गच्चीवरून विमान जातं ते दीडशे ते पावणेदोनशे मीटरवरून. सर म्हणाले, ‘‘बाई, तुमच्या घरापासून भाजीवाला याहून लांब असेल.’’ होता.

या विमानतळाला रनवे दोन, पण ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच चालतो. गर्दीच्या तासाला उडणारी-उतरणारी मिळून पंचेचाळीसच्या आसपास विमानं. त्यातली निम्मी उतरणारी. म्हणजे दर अडीच-पावणेतीन मिनिटांनी एक आमच्या वाट्याला. ११ नोव्हेंबर २०२३ ला एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली आणि तो विक्रम ठरला. धनत्रयोदशी आणि लक्ष्मीपूजन यांच्या मधला दिवस होता. मी चकल्या तळत होते. विक्रम चालू आहे हे दुसऱ्या दिवशी बातमीत कळलं. चकल्या मात्र त्या वर्षी सगळ्या एकसारख्या झाल्या नाहीत एवढं आठवतं.

विमानाचा आवाज म्हटलं की लोकांच्या मनात गडगडाट येतो. उतरणाऱ्या विमानाचा तसा नसतो. आधी खिडकीच्या काचेला कळतं. मग लांबून एक शीळ येते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी. ही एअरबस ३२० जातीच्या विमानांची शीळ. त्यांच्या पंखांखाली इंधनटाकीतल्या दाबासाठी गोल भोकं असतात, त्यांवरून वारा गेला की ती वाजतात, अगदी बाटलीसारखीच. लुफ्तान्साने २०१४ पासून आपल्या विमानांना या भोकांपुढे पत्र्याचे लहानसे तुकडे बसवायला घेतले आणि शीळ गेली. एवढासा तुकडा! मग डोक्यावर आल्यावर कोरं मांजरपाट एका झटक्यात फाडल्यासारखा आवाज. यात इंजिनाचा वाटा कमी, बाहेर काढलेल्या चाकांचा आणि पंखांच्या उघडलेल्या झडपांचा जास्त. आणि सगळं संपलं असं वाटून तुम्ही बोलायला तोंड उघडावं, तर काही सेकंदांनी हवेतून सर्रकन चाबूक ओढल्यासारखं काहीतरी जातं. विमान तोवर कुर्ल्यात पोचलेलं असतं. पंखांच्या टोकांना सुटलेले हवेचे भोवरे मागे राहतात, ते उशिरा खाली येतात. नवीन माणूस त्या आवाजाला दचकून वर बघतो. वर काहीच नसतं.

मी वाईची. १९९६ च्या मे महिन्यात लग्न होऊन इथे आले. सासऱ्यांना गोदीत नोकरी होती आणि हाऊसिंग बोर्डाची ही खोली त्यांना मिळाली होती. पहिले आठ दिवस मला वाटायचं, या घरात सगळे माझ्यावर चिडलेले आहेत. सासूबाई ‘‘मीठ घाल गं’’ असं म्हणायच्या ते ‘घर सोडून चालती हो’च्या पट्टीत. दीर पेपर मागायचा तो खेकसून. नवरा रात्री हळू आवाजात काही बोलायला लागला की बरोबर अर्ध्या वाक्यात थांबून छताकडे बघायचा, आणि मला वाटायचं, याला माझ्याशी बोलायचंच नाहीये. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. नळ कशाला सोडायचे कोण जाणे, माझं रडणं ऐकू जाण्यासारखी तिथे परिस्थितीच नव्हती.

श्रावणात मंगळागौरीला माहेरी गेले. सासूबाईही आल्या होत्या. गणपतीच्या घाटावर आम्ही बसलो, संध्याकाळची वेळ, कृष्णेला पाणी, देवळातली घंटा सोडली तर सगळं चिडीचूप. सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या, ‘‘विहीणबाई, तुमच्याकडे फार छान हवा आहे हो!’’ पलीकडच्या पायरीवर कपडे पिळणाऱ्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. काकूने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘त्यांना कमी ऐकू येतं का गं?’’

त्यांचे कान शेवटपर्यंत ठणठणीत होते.

वर्षभरात मीही तशीच झाले. शाळेत मुख्याध्यापिका म्हणायच्या, तुमच्या वर्गाला माइक लागत नाही. मी ते कौतुक समजायचे. बहीण फोनवर म्हणायची, ‘‘ताई, भांडतेस का?’’ भांडत नव्हते. आणि थांबायलाही शिकले. ही आमच्या गल्लीतली खरी कला. बोलता बोलता विमान आलं की माणूस ज्या अक्षरावर असेल तिथे थांबतो, चेहऱ्यावरचे भाव तसेच धरून ठेवतो आणि विमान गेलं की त्याच अक्षरापासून पुढे जातो. रागावलेला माणूस रागावलेलाच थांबतो, हात वर केलेला तसाच. सासूबाई गुरुवारी पोथी वाचायच्या. शीळ आली की ओळीवर बोट ठेवायच्या, वर बघून ‘‘आला मेला’’ म्हणायच्या आणि बोट उचलून पुढची ओवी. त्या पोथीत ‘आला मेला’ हे पालुपदच आहे, असा माझ्या मुलाचा लहानपणी समज होता. वसाहतीतली एकच गोष्ट विमानासाठी थांबत नाही, ती म्हणजे गणपतीतली आरती. टाळ, झांजा आणि साठ-सत्तर माणसं. तिथे विमानाचंच काही चालत नाही.

‘सवय झाली असेल ना?’ हे मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय. मी हो म्हणते. हो म्हटलं की पाहुण्यांना बरं वाटतं आणि विषय चहाकडे वळतो.

पण एकदा मी वही घेऊन बसले. त्या आधीच्या आठवड्यात मुलाने मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप टाकून दिलं होतं. शास्त्रशुद्ध नाही, मला माहीत आहे, पण माझ्या रेकॉर्डिंगपुरतं ठीक. फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवला, रात्री अकरा ते तीन. दोन विमानांच्या मध्ये आकडा पन्नासच्या आसपास. विमान आलं की ऐंशीच्या पुढे. डेसिबलचं गणित सरळ नसतं. दहाने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे तीसने वाढला तर कानाला आठपट. हे दर काही मिनिटांनी, शेजारी नवरा घोरतोय आणि त्याच्या घोरण्याची लय बिघडत नाही. वहीत मी वेळा लिहीत गेले. अकरा ते दीड विमानं जास्त. युरोपातून दुपारी निघालेली मोठी विमानं आपल्याकडे मध्यरात्री पोचतात, माणसं उतरवून-चढवून अडीच-तीनला परत निघतात आणि तिकडे सकाळी टेकतात. तिकडच्या लोकांना रात्री झोप हवी असते. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ विमानांना मनाई आहे. सिडनीत ११ ते ६ आहे, त्याचा तर १९९५ चा कायदाच आहे. मला त्यांचा राग नाही. त्यांनी मागितली, त्यांना मिळाली. पण वेळापत्रक म्हणजे गोधडीसारखं असतं, एका बाजूने ओढली की दुसऱ्या बाजूचे पाय उघडे पडतात.

आपल्याकडेही नियम आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. विमानतळांसाठी २०१८ मध्ये वेगळी अधिसूचना निघाली. गर्दीच्या विमानतळांच्या परिसराला दिवसा ७० आणि रात्री ६५. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शनात विमानांचा रात्रीचा आवाज ४० च्या आत असावा, असं म्हटलंय. शिवाय हे सगळे आकडे सरासरीचे. सरासरीत काय होतं, ते परीक्षेचे पेपर तपासलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. वर्गाची सरासरी साठ असते आणि खिडकीजवळच्या बाकावर एकजण नापास होऊन बसलेला असतो.

खिडक्यांचं म्हणाल तर केलं सगळं. जाड काच, दोन काचांमध्ये पोकळी, कडेने रबराचं बीडिंग. फरक पडतो. फक्त खिडकी लावून बसायला एसी लागतो, एसीला बिल येतं आणि चिरेएवढी फट राहिली तरी आवाज तिथून पाण्यासारखा आत येतो. जाड पडद्यांनी काही होत नाही. पडदेवाला काहीही सांगो.

तर, रेकॉर्डिंग. मी एक पद्धत बसवली होती. पाठ आधी वाचून त्याचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे पाडायचे, पेन्सिलने खुणा करायच्या. विमान गेलं, चाबूक ऐकला, की सुरू. शीळ आली की थांब. मग मुलगा रात्री बसून मधली विमानं कापून तुकडे जोडायचा. ऐकायला एकसंध. मला माझाच अभिमान वाटायचा. तीन महिन्यांनी त्या अकरावीतल्या मुलाचा फोन आला, कुठलीशी व्याख्या पुन्हा हवी होती. बोलता बोलता तो म्हणाला,

‘‘बाई, तुम्ही विमानं कापता ना?’’

मी म्हटलं, ‘‘कापलेलं कळतं?’’

‘‘कापलेलं नाही कळत. पण कापल्यानंतरचं पहिलं वाक्य तुम्ही मोठ्याने म्हणता. मग हळूहळू खाली येता. मग परत मोठ्याने. आम्ही जरीमरीला राहतो ना बाई, आमच्याकडे पण असंच बोलतात.’’

जरीमरी म्हणजे रनवेच्या भिंतीला लागून. त्याच्याकडे विमान डोक्यावरून जात नाही, जवळजवळ अंगणातच उतरतं.

फोन ठेवल्यावर मी रेकॉर्डिंग लावून ऐकलं. खरं होतं. दर दोन मिनिटांनी एक बाई वर्गात शिरल्यासारखी जोरात सुरुवात करत होती. विमान एकही नव्हतं आणि प्रत्येक विमान जिथल्या तिथे ऐकू येत होतं.

याला नाव आहे. एत्येन लोंबार या कान-नाक-घशाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे लिहून ठेवलंय. भोवती गोंगाट असला की माणूस आपसूक आवाज चढवतो, त्याचं त्याला कळतही नाही, आणि चढवू नकोस म्हणून सांगितलं तरी ते सहज जमत नाही. बहिरेपणाचं सोंग करणारे पकडायला म्हणे या गोष्टीचा उपयोग व्हायचा. कानात गोंगाट सोडायचा, आवाज चढला की समजायचं ऐकू येतंय. गोंगाट थांबला की आवाजही खाली येतो. पण खाली यायला मध्ये तेवढी फट तर मिळायला हवी! मला एकदम मोरीतला नळ आठवला. सासूबाई माझ्यावर कधी चिडल्याच नव्हत्या. त्या विमानाशी बोलत होत्या. हे मला कळलं तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्यांचा खरा आवाज मी एकदाच ऐकला.

त्याआधी एकदा आकाश बंद झालं होतं ते २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी विमानतळाच्या खालूनच जाते, ती वर आली आणि रनवे पाण्यात गेला. पण त्या रात्री कोणाचं लक्ष आकाशाकडे होतं? नवरा साकीनाक्याहून चालत निघाला होता. शांतता नव्हती ती, नुसता पाऊस होता.

२०२० चं वेगळं. २५ मार्चपासून देशातली विमानं बंद झाली, बाहेरची त्याआधीच थांबली होती. तुरळक मालवाहू विमान यायचं तेवढंच. पहिल्या दोन-तीन रात्री सासूबाई झोपल्या नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. रात्री दोनला उठून बसायच्या, मला हाक मारायच्या, ‘‘काही झालंय का गं? सांगत नाहीस तू.’’ मी म्हणायचे, काही नाही आई, विमानं बंद आहेत. त्या ‘‘अस्सं’’ म्हणून आडव्या व्हायच्या आणि तासाने पुन्हा उठायच्या. इतकी वर्षं तो आवाज त्यांच्या लेखी सगळं सुरळीत चालू असल्याची खूण होता की काय कोण जाणे. गोदीची पाळी संपवून सासरे रात्री यायचे, तेव्हाही वरून विमानं जात असणारच.

मग एप्रिलच्या मध्यावर कधीतरी, दुपारी मी भांडी घासत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून त्या लसूण सोलत होत्या. आणि गुणगुणत होत्या. जात्यावरची ओवी होती कुठलीतरी, भाऊबीजेची. इतका बारीक, गोड, थोडा घोगरा आवाज की मला आधी वाटलं शेजारी रेडिओ लावलाय. मी नळ बंद करून उभी राहिले. त्यांना विचारलं, ‘‘हे कधी शिकलात आई?’’ त्या म्हणाल्या, ‘‘शिकायचं काय त्यात? रोजच म्हणते की मी.’’

रोजच म्हणत होत्या. चोवीस वर्षं मी त्याच स्वयंपाकघरात होते.

२५ मेला विमानं सुरू झाली. त्यांना बरं वाटलं. रात्रीचं उठणं थांबलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्या ओवीचं मी रेकॉर्डिंग केलं नाही, फोन तेव्हाही हाताशीच असायचा.

विमानांची भीती वाटते का, हेही विचारतात. रोज वाटून कसं चालेल? पण २८ जून २०१८ ला दुपारी घाटकोपर पश्चिमेला, बांधकाम चालू असलेल्या एका जागेत लहान विमान कोसळलं. चाचणीसाठी उडालं होतं. आतले चौघे गेले आणि रस्त्याने चाललेला एकजण. शाळा सुटायची वेळ होती. २० मे २०२४ च्या रात्री उतरणाऱ्या विमानाची धडक फ्लेमिंगोंच्या थव्याला बसली. जवळजवळ चाळीस पक्षी मेले आणि ते आमच्याच बाजूला, लक्ष्मीनगरच्या आसपास पडले. खाडीवर त्यांना बघायला आम्ही मुलांच्या सहली न्यायचो. विमान सुखरूप उतरलं. आणि १२ जून २०२५ ला अहमदाबाद. विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. मेलेल्या २६० माणसांत १९ जण विमानात नव्हतेच. त्यांत जेवायला बसलेली मुलंही होती. त्या रात्री आमच्या इमारतीत कोणी काही बोललं नाही, पण विमान आलं की प्रत्येक घरातला टीव्ही क्षणभर बारीक होत होता. हे मी जिन्यात उभी राहून ऐकलंय. एरवी विमान आलं की टीव्ही मोठा करतात.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोठे व्हायला लागले.

आता आमची इमारत पुनर्विकासाला निघालीय. या भागात ‘फनेल झोन’ हा शब्द पाचवीच्या पोरालाही येतो. विमानाच्या वाटेखाली किती उंच बांधायचं यावर मर्यादा असते आणि त्यासाठी विमानतळ प्राधिकरणाची एनओसी लागते. बिल्डर मीटिंगमध्ये सोळा मजले म्हणतो, कागदावर तेरा येतात, मग जागा किती मिळणार यावरून सहा महिने भांडणं. मोठ्या आवाजात. एरवी मुंबईत जितके वर जाल तितका भाव चढतो. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकताना सगळ्या म्हाताऱ्यांना खालचे मजले हवेत. वरच्या मजल्यावर म्हणे समोरून खाडी दिसेल. दिसेल. आणि विमान जाईल ते चाळीस मीटर आणखी जवळून.

माझी एक जुनी सहकारी २०१४ मध्ये नवी मुंबईत उलव्याला राहायला गेली. मोकळी हवा, डोंगर, शांतता, आणि माझ्या घराची चेष्टा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, डिसेंबरात विमानं सुरू झाली. मध्यंतरी तिचा फोन आला. सुनेच्या डोहाळजेवणाचं सांगत होती, मेनू, किती माणसं, आणि ‘‘श्रीखंड आपलं’’वर थांबली. मी काही बोलले नाही. ‘‘घरीच करू,’’ ती म्हणाली. तिची पट्टी अजून खालचीच आहे. माझ्या अंदाजाने वर्षभर लागेल.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, रनवेच्या दुरुस्तीसाठी दोन्ही रनवे एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. तारीख आधी जाहीर होते. मी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिते. त्या दिवशी स्वयंपाक सकाळी दहाच्या आत. कामवालीला सुट्टी. खालच्या वहिनींना सांगून ठेवते की आज कुकर लावणार असाल तर अकराच्या आधी लावा. त्या लावतात बिचाऱ्या, आणि वर येऊन ‘‘लावला हो!’’ असं ओरडून सांगून जातात.

गेल्या वेळी त्या दिवशी मी कपाटात तोंड घातलं नाही. पंखा बंद केला, खिडकी उघडी ठेवली आणि पलंगावर टेकून वाचलं. तो जरीमरीचा मुलगा आता बारावीत, पुस्तक मराठीचंच, माझ्या विषयाचं. पहिला पाठ झाल्यावर लक्षात आलं की पेन्सिलच्या खुणांपाशी मी उगाचच थांबतेय. दुसऱ्या पाठाला खुणा खोडून टाकल्या. एक कविता वाचली, मधे कावळा ओरडला, तो राहू दिला. चार वाजता पाणी प्यायला उठले तेव्हा घसा दुखत नव्हता. साडेचारच्या सुमाराला आणखी एक पाठ संपवला आणि काही न कापता, न जोडता सगळं तसंच त्याला पाठवून दिलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी काच थरथरली. शीळ आली. मी चहा टाकला होता. तेवढ्यात फोन वाजला, त्याचा व्हॉइस मेसेज होता. विमान गेल्यावर पुन्हा लावून ऐकला.

‘‘बाई, सगळे पाठ मिळाले. गावाला गेलायत का?’’